नकाशावर आमचे घर हिरव्या रंगात आहे: शहरांच्या पूरजोखमीचे अहवाल करणाऱ्यांना खुले पत्र

शहरांच्या पूरजोखमीचे अहवाल मागवणारे प्रशासक, ते तयार करणारे सल्लागार आणि अभियंते, आणि ते मंजूर करणारे लोकप्रतिनिधी यांना,

सप्रेम नमस्कार.

अतिवृष्टी झाली तर शहराचा कुठला भाग किती धोक्यात येईल, याचा अहवाल आमच्याकडे नुकताच मंजूर झाला. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हेच तक्ते आणि हेच रंग थोड्याफार फरकाने कुठल्याही शहराच्या अहवालात सापडतील. प्रत्येक प्रभागाला एक गुण आणि प्रत्येक गुणाला एक रंग. आमचा प्रभाग हिरवा आहे, म्हणजे जोखीम कमी. पंप आधी कुठे बसवायचे, नाले आधी कुठे रुंद करायचे, पावसाळ्यात मदतपथके कुठे उभी ठेवायची, हे सगळे आता या रंगांवरून ठरणार आहे. आमचा नंबर शेवटून पहिला. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही तळमजल्यावर राहतो. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. गेल्या मोठ्या पावसात आमच्या घरात पाणी शिरले, पण ते दारातून आले नाही. रस्त्यावर तेव्हा जेमतेम घोटाभर पाणी होते आणि उंबरा कोरडा होता. पाणी आले मोरीतून. आधी जाळीखाली गुडगुड ऐकू आली, मग काळपट फेस वर आला, आणि थोड्याच वेळात जाळीच उचलली गेली. संडासाच्या भांड्यातूनही तेच. बाहेरची वाहिनी तुडुंब भरली की तिच्यातले पाणी जोडलेल्या घरांकडे उलटे चढते, आणि ज्याची मोरी सगळ्यांत खाली, त्याच्या घरात ते सगळ्यांत आधी पोहोचते. अशा वेळी दारात वाळूच्या गोण्या रचून काहीही साधत नाही. आईला खुर्चीत बसवून जिन्याने वर न्यायला चार माणसे लागली. रात्रीची वेळ होती म्हणून ती चार माणसे घरी सापडली. भर दुपारी सापडली नसती.

तुमच्या सर्वेक्षणाचा माणूस त्यानंतर आमच्याकडे येऊन गेला. घर पक्के की कच्चे, छप्पर कशाचे, उत्पन्न किती, दुचाकी आहे का, मोबाइल आहे का, एवढे प्रश्न त्याने नीट विचारले. त्याच्या अर्जात जेवढे रकाने होते तेवढे त्याने भरले, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाणी कुठून येते याला त्या अर्जात रकाना नव्हता. जिना चढू न शकणारे कुणी घरात आहे का, यालाही नव्हता. घर पक्के आणि वर स्लॅब, म्हणून आमचे गुण चांगले आले.

त्यानंतर मी हा अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. दुसऱ्या शहरांत काय घडले आणि तिथे काय केले गेले, तेही जमेल तितके वाचले. त्यातून उभ्या राहिलेल्या तक्रारी आता मांडते.

सगळ्यांत मोठी तक्रार ही की, तुम्ही पूर अजूनही नदीवरूनच मोजता. नकाशावर नदी, तिच्या दोन्ही बाजूंना पूररेषा, रेषेच्या आतले धोक्यात आणि बाहेरचे सुरक्षित. नदीच्या पुरासाठी ही रेषा हवीच, तिच्या आत बांधकामे होऊ नयेत हेही खरे. पण शहरात पडणारा पाऊस नदीपर्यंत पोहोचेस्तोवर थांबत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर पाच लाख लिटर पाणी झाले. माती आणि गवत असेल तर त्यातला बराच भाग जमिनीत मुरतो. डांबर, काँक्रीट आणि पत्रे असतील तर जवळजवळ सगळे पाणी वाहून निघते आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथे साचते. त्यासाठी जवळपास नदी असावी लागत नाही. टेकडीच्या पायथ्याची कॉलनी, रेल्वेखालचा भुयारी मार्ग, बुजवलेल्या तळ्यावर उभी राहिलेली वसाहत, हे सगळे पूररेषेच्या कितीतरी बाहेर असू शकते.

इंग्लंडमधल्या हल शहरात जून २००७ मध्ये हेच झाले. साडेआठ हजारांहून जास्त घरांत पाणी शिरले, आणि ते नदीने काठ ओलांडल्यामुळे शिरले नव्हते. पावसाने गटारे आणि पर्जन्यवाहिन्या भरून गेल्या होत्या. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये २०१७ साली हार्वे चक्रीवादळाचा पाऊस पडला. ते शहर ज्यात येते त्या परगण्यात दीड लाखांहून अधिक घरे बुडाली आणि त्यांतली सुमारे दोनतृतीयांश घरे शंभर वर्षांच्या पूररेषेच्या बाहेर होती. त्या घरांतल्या लोकांनी नकाशा पाहिलाही असेल. नकाशाने त्यांना सांगितले असेल की तुम्ही सुरक्षित आहात. रेषा काढून तुम्ही एका बाजूच्या लोकांना सावध करता, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या लोकांना निर्धास्त करत असता. मला या निर्धास्तपणाची जास्त भीती वाटते.

दुसरी तक्रार सरासरीची. अहवालात पाऊस दिला आहे तो शहराचा, आणि तोही दिवसाचा. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला ७३ मिलिमीटर. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर पाचशेच्या वर जाते, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलेला नव्हता. शहरात एकच पर्जन्यमापक असता आणि तो कुलाब्याला असता, तर कागदावर तो दिवस साधा पावसाळी दिवस म्हणून नोंदला गेला असता. ज्या शहरात आजही एकदोन ठिकाणीच पाऊस मोजला जातो, तिथे असे किती दिवस साधे म्हणून नोंदले गेले असतील?

दिवसाच्या बेरजेचेही तसेच आहे. भारतात जोरदार, अतिजोरदार आणि अत्यंत जोरदार पाऊस ही वर्गवारी २४ तासांच्या पावसावरून होते. धरणासाठी आणि शेतीसाठी ती ठीक असेल. पण गल्लीतल्या गटाराला दिवसभरात किती पाऊस पडला याने फरक पडत नाही, अर्ध्या तासात किती पडला याने पडतो. दिवसभर रिमझिम होऊन पडलेले शंभर मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि तेच एका तासात पडले तर माणसे मरतात. चीनच्या झेंगझोऊ शहरात २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. भुयारी रेल्वेच्या बोगद्यात पाणी घुसले आणि गाडीत अडकलेले १४ प्रवासी गेले. त्या एका तासाचा विचार ज्या अहवालात नाही, तो कितीही जाड असला तरी अतिवृष्टीच्या पुराचा अहवाल नाही.

सरासरीचा तिसरा प्रकार मला सगळ्यांत जास्त खटकतो, तो म्हणजे प्रभागाची सरासरी. आमच्या प्रभागात चढावर उंच इमारती आहेत आणि उतारावर आमच्यासारखी घरे. दोन्ही एका टोपलीत टाकून एकच गुण काढला की चढाची उंची आमच्या नावावर जमा होते. पाणी प्रभागाची हद्द पाहून साचत नाही. ते दोन-चार गल्ल्यांच्या खळग्यात साचते. कोणता खळगा, हे कळायचे तर नकाशा गल्लीच्या मापाचा लागेल.

जमिनीच्या उंचीचे आकडे कुठून घेतले, ते मी अहवालाच्या परिशिष्टात शोधले. फुकट मिळणाऱ्या उपग्रहीय उंचीच्या माहितीवर सगळी गणिते केलेली आहेत. अशी जी माहिती जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, ती फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने घेतलेली आहे. साधारण ३० मीटर लांबीरुंदीच्या एका चौकोनाला तिच्यात उंचीचा एकच आकडा असतो आणि तोही काही मीटरने चुकू शकतो. रडारला दिसतात ती झाडांची आणि इमारतींची डोकी, त्यामुळे दाट वस्तीत जमीन खरी असते त्यापेक्षा वर उचललेली दिसते. पदपथाची उंची असते १५ सेंटिमीटरच्या आसपास, उंबऱ्याची त्याहून कमी. पाणी घरात शिरणार की रस्त्यावरून निघून जाणार, हे या वीतभर उंचीने ठरते. ज्या मोजणीची चूकच मीटरमध्ये आहे, तिच्यावरून तुम्ही घरे सुरक्षित ठरवली आहेत.

आणि २००० सालानंतर शहरात काय काय झाले ते आठवून पाहा. रस्त्यांवर थरावर थर चढले आणि जुन्या इमारतींचे तळमजले रस्त्याच्या खाली गेले. उड्डाणपूल, भराव आणि भुयारी मार्ग झाले. नाल्यांवर स्लॅब पडले. हे बदल त्या माहितीत नाहीतच. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसरने जमिनीची उंची मोजता येते, आणि तिची अचूकता सेंटिमीटरमध्ये असते. त्याला पैसे लागतात हे मला मान्य आहे. पण चुकीच्या ठिकाणी बसवलेल्या पंपालाही पैसे लागतात.

नाल्यांबद्दल अहवालात एकच वाक्य आहे: प्रभागात वाहिन्यांचे जाळे पुरेसे आहे. पुरेसे म्हणजे किती पावसाला पुरेसे, हे लिहिलेले नाही. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तीही समुद्राला ओहोटी असताना. भरती असली की समुद्रात उघडणारी तोंडे पाण्याखाली जातात आणि पाणी जाणार कुठे हा प्रश्न उरतो. न्यूयॉर्कमधल्या वाहिन्या तासाला सुमारे ४४ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधतात. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री तिथे एका तासात ८० मिलिमीटर पाऊस झाला. हे आकडे त्या शहरांना लाज वाटण्यासारखे नाहीत. हे आकडे त्यांना माहीत आहेत, एवढेच मला दाखवायचे आहे. आपल्या शहराचा आकडा काय आहे? तो अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवा होता.

तो आकडाही नव्या, स्वच्छ वाहिनीचा. उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यावरचे चेंबर सफाईसाठी उघडले तेव्हा मी तिथे उभी होते. आत वाहिनीचे तोंड अर्ध्यापर्यंत गाळाने भरलेले होते. वर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे आणि कुठल्याशा बांधकामावरून वाहून आलेले सिमेंट घट्ट बसलेले. त्या वाहिनीतूनच केबलची एक नळी आडवी गेलेली होती, आणि तिला अडकून चिंध्यांचा मोठा गुंता झाला होता. अर्ध्यापर्यंत गाळाने भरलेली वाहिनी निम्म्याहून कमी पाणी वाहून नेते, कारण जागा तर कमी होतेच, शिवाय गाळाच्या खरखरीत थरावरून पाणी सावकाश सरकते. तुमच्या संगणकातल्या प्रारूपात ही वाहिनी पूर्ण मोकळी आहे. केबलची नळी आणि चिंध्या त्यात नाहीत. उपसा पंपांचे तेच. पंप किती अश्वशक्तीचे हे तुम्ही लिहिले आहे, पण पावसात वीज गेली तर ते कशावर चालतील हे लिहिलेले नाही.

आता माणसांबद्दल. या विषयावर मी सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण अहवालात तो सगळ्यांत कमी जागेत उरकला आहे.

जोखीम तीन गोष्टींवरून ठरते, हे तुमच्याच प्रस्तावनेत छान लिहिले आहे. धोका किती, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि जे वाटेत आहेत त्यांना किती सहज इजा होईल, ते सावरू शकतील का. पण ही तिसरी गोष्ट मोजताना तुम्ही साक्षरता, उत्पन्न आणि घराचा प्रकार एवढेच घेतले, आणि तेही जुन्या जनगणनेतून. पावसाच्या पुरात माणसे कशी मरतात, हे पाहिले असते तर रकाने वेगळे निघाले असते.

न्यूयॉर्कमध्ये १ सप्टेंबर २०२१ च्या त्या रात्री १३ माणसे गेली, त्यांतली ११ तळघरातल्या खोल्यांत. दक्षिण कोरियात सोल शहरात ऑगस्ट २०२२ मध्ये अर्ध्या जमिनीखालच्या घरात एकाच कुटुंबातल्या तिघी बुडाल्या. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी भरले आणि तीन विद्यार्थी गेले. तीन वेगळे देश, तीन वेगळी वर्षे, आणि कारण एकच: माणसे जमिनीखाली होती आणि बाहेर पडायची वाट पाण्याच्याच बाजूला होती. बाहेर पाणी चढले की आत उघडणारे दारही धरून ठेवता येत नाही, आणि बाहेर उघडणारे दार ढकलता येत नाही. आपल्या शहरात किती तळघरांत माणसे राहतात, शिकतात किंवा काम करतात, याची मोजदाद तुमच्या अहवालात कुठेच नाही. कागदोपत्री ती तळघरे वाहनतळ आणि गोदामे असतील. पण आत कोण बसते हे त्या गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कुणी जाऊन विचारले तर कळेल.

पाण्याची खोली तुम्ही मोजली, वेग मोजला नाही. घोट्याच्या थोडे वर, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी जोरात वाहत असेल तर धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. ३० सेंटिमीटर वाहत्या पाण्यात लहान मोटार वाहून जाऊ शकते. शाळेत जाणारे मूल, काठी टेकत चालणारे आजोबा आणि गरोदर बाई यांच्यासाठी हे आकडे आणखी खाली येतात. उताराच्या रस्त्यावरचे फूटभर पाणी आणि मैदानात साचलेले फूटभर पाणी यांना तुम्ही एकच रंग दिला आहे.

रुग्णालयाचा मुद्दा तर मला दोनदा वाचावा लागला. आमच्या प्रभागाला ‘सावरण्याची क्षमता’ या सदरात जास्त गुण आहेत, कारण जवळच मोठे रुग्णालय आहे. ते रुग्णालय खोलगट भागात आहे. त्याच्याकडे जाणारे दोन्ही रस्ते पावसात बंद होतात. जिथे रुग्णवाहिकाच पोहोचू शकत नाही, ते रुग्णालय आमचे बळ कसे? उलट तिथे दाखल असलेले सगळे रुग्ण धोक्याच्या बाजूला मोजायला हवेत. जनित्र आणि प्राणवायूची यंत्रणा कुठल्या मजल्यावर आहे, हे एकदा जाऊन पाहिले असते तर बरे झाले असते. हाच हिशेब अग्निशमन केंद्राला, वीज उपकेंद्राला आणि पिण्याच्या पाण्याच्या पंपघराला लागू होतो. यांतले एक बुडाले तरी ज्यांच्या दारात थेंबभर पाणी नाही तेही पुरात सापडतात. कुणाच्या घरी श्वासाचे यंत्र विजेवर चालते, कुणाला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसला जावेच लागते. असे लोक कोणत्याही रंगाच्या प्रभागात असू शकतात.

‘शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस’ हा शब्दप्रयोगही कृपा करून बदला. एकदा पडून गेला की आता शंभर वर्षे चिंता नाही, असे लोक समजतात, आणि मला वाटते काही अधिकारीही तसेच समजतात. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच आहे. तीस वर्षे कर्ज फेडत एका घरात राहणाऱ्याच्या वाट्याला तो पाऊस येण्याची शक्यता २६ टक्के होते. आणि हा हिशेब जुन्या नोंदींवरचा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे आजोबांच्या काळातल्या नोंदींवरून काढलेला शंभर वर्षांचा पाऊस नातवाच्या काळात तितका दुर्मीळ राहणार नाही.

शेवटची तक्रार अशी की हा अहवाल प्रत्यक्षाशी ताडून पाहिलेलाच नाही. गेल्या मोठ्या पावसात कुठे कुठे पाणी भरले, याची माहिती शहरात भरपूर आहे. अग्निशमन दलाकडे आलेल्या फोनच्या नोंदी आहेत, वाहतूक पोलिसांनी बंद केलेल्या रस्त्यांच्या याद्या आहेत, लोकांनी काढलेले व्हिडिओ आहेत, भिंतींवर पाण्याच्या रेघा अजून दिसतात. नकाशा आणि ही माहिती एकमेकांवर ठेवली असती तर आमची हिरवी गल्ली त्याच दिवशी तुमच्या लक्षात आली असती. शिवाय सविस्तर नकाशा लोकांना पाहायला मिळत नाही. घरांच्या किमती पडतील, घबराट होईल, अशी कारणे मी ऐकली आहेत. किमतीची काळजी मला कळते, आमचेही घर तिथेच आहे. पण नकाशा दाबून ठेवल्याने जोखीम कमी होत नाही. ती फक्त न सांगता पुढच्या खरेदीदाराच्या आणि भाडेकरूच्या गळ्यात पडते.

हे काम अवघड आहे, माहिती अपुरी असते, मुदत तोकडी असते आणि निविदेत जेवढे मागितले तेवढेच सल्लागार देतो, हे मी जाणते. पण अशक्य मात्र नाही. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. पुढच्याच वर्षी त्यांनी अतिवृष्टीचा आराखडा मंजूर केला आणि त्यात एक मोजता येईल असे उद्दिष्ट लिहिले: शंभर वर्षांतल्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू द्यायचे नाही, ज्या जागा पाणी साठवायला मुद्दाम राखल्या आहेत त्या सोडून. मग उद्याने, चौक आणि रस्ते असे घडवायला घेतले की जादा पाणी आधी तिथे जाईल. नेदरलँड्समध्ये पालिकांनी आपल्या हद्दीची हवामानाच्या धक्क्यांसाठी ताण-चाचणी, म्हणजे असा धक्का बसला तर काय होईल याची तपासणी, घ्यायची आणि दर सहा वर्षांनी ती पुन्हा करायची, असे ठरले आहे. त्यांच्याकडे पैसा आहे, हे खरे. पण दहा सेंटिमीटर हा आकडा लिहायला पैसा लागला नव्हता.

आता मागण्या.

१. सध्याचा अहवाल अंतिम समजू नका. त्यावरून निधीवाटप आणि कामांचा क्रम ठरवण्याआधी तो मागच्या मोठ्या पावसांतल्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहा, आणि जिथे जुळत नाही त्या जागांची यादी जाहीर करा.

२. नदीचा पूर, पावसाचे साचलेले पाणी आणि वाहिन्यांतून उलटे येणारे पाणी यांचे तीन वेगळे नकाशे करा. ते गल्लीच्या मापाचे असू द्या. खोलीबरोबर वेगही दाखवा.

३. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवा, आणि त्यांचे दर पंधरा मिनिटांचे आकडे सर्वांना खुले ठेवा.

४. प्रत्येक भागातली पर्जन्यवाहिनी तासाला किती मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यासाठी बांधली आहे आणि आजच्या घडीला किती नेते, हे दोन्ही आकडे लिहा. दुसरा आकडा चेंबर उघडून, आत पाहून लिहिलेला हवा.

५. माणसे असलेली तळघरे, रस्त्यापेक्षा खाली गेलेले तळमजले, भुयारी मार्ग, रुग्णालये आणि वीज उपकेंद्रे यांची जागेवर जाऊन पाहणी करा. ज्या तळघरांना बाहेर पडायची दुसरी वाट नाही, तिथला वापर पावसाळ्याआधी थांबवा, आणि तिथे राहणाऱ्यांना दुसरी जागा देऊनच थांबवा. तळमजल्यांच्या जोडण्यांवर उलट पाणी रोखणारी झडप बसवण्यासाठी मदत द्या.

६. जिना चढू न शकणारे, विजेवरच्या उपकरणांवर अवलंबून असणारे आणि एकटे राहणारे वृद्ध यांची नोंद स्वेच्छेने करण्याची सोय ठेवा. ती माहिती फक्त मदतपथकांच्या हाती राहील आणि पूर येण्याआधी पथक त्या घराशी पोहोचेल, अशी व्यवस्था लावा.

७. बांधकाम परवानगी देताना आणि नवा रस्ता करताना हा नकाशा बंधनकारक करा. रस्त्याचा नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढा, म्हणजे आणखी तळमजले खाली जाणार नाहीत.

८. नकाशा, त्यामागची माहिती आणि गुण देण्याची पद्धत लोकांसमोर ठेवा. हरकती मागवा, प्रभागात बसून ऐका, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. दर पाच वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर मूल्यमापन नव्याने करा.

यांतल्या पहिल्या आणि आठव्या मागणीला नवा निधी लागत नाही. त्या दोन्हींवर येत्या सर्वसाधारण सभेत निर्णय व्हावा. पाचव्या मागणीतली तळघरांची पाहणी पुढच्या पावसाळ्याआधी पूर्ण व्हायलाच हवी. बाकीच्या कामांसाठी कोणते वर्ष धरले आहे आणि जबाबदार अधिकारी कोण, ते लेखी कळवावे. तुमचे उत्तर आले की ते मी या पत्राइतक्याच ठळकपणे जाहीर करीन, आणि आमच्या गल्लीत पाहणीसाठी याल तेव्हा पाणी कुठून कुठे येते ते दाखवायला आम्ही सगळे हजर राहू.

आपली,
एक नागरिक